बर्फाचा निरोप

“निरोप दशरथकडे अडकला!” नंदू ओरडला, आणि भांडुपच्या त्या चाळीचं अख्खं पटांगण हसलं. दशरथला भारी गुदगुल्या व्हायच्या. शेजारच्याने हात दाबला की त्याने पुढच्याचा हात दाबायचा, एवढंच काम. पण तो गडी हात सोडून खिदळत खालीच बसला.

दर सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायण असायचा, आणि दुपारी व्हीसीआर आणून सिनेमा. यंदा व्हीसीआरने ऐनवेळी मान टाकली. तेव्हा शाळेत विज्ञान शिकवणारा नंदू पुढे सरसावला. माणसांचीच एक लांबलचक नस करून दाखवतो म्हणाला. तीर्थप्रसाद झालेले वीसेक जण हातात हात धरून उभे राहिले. एका टोकाला गुणाजीभाऊ, म्हणजे बोटाचं टोक. त्यांच्या पायाशी बर्फाची बादली. दुसऱ्या टोकाला खुर्चीत सोनूबाई, म्हणजे मेंदू. मधले सगळे चेतापेशी.

“बोटाला गार कळत नाही,” नंदूने समजावलं. “बोटात नुसते पहारेकरी असतात. बर्फ लागला की ते वर्दी देतात. ती एका पेशीकडून दुसरीकडे जाते, एकाच दिशेने, थेट मेंदूपर्यंत. गार म्हणायचं ते मेंदूने. सोनूबाई, तुमचा हात दाबला की ‘गार’ म्हणून ओरडा.”

“आणि खरं-खोटं कोण बघणार?” सोनूबाईंनी विचारलं.

“मेंदू बिचारा कवटीच्या अंधारात बसलेला. त्याला कुठला बर्फ दिसतोय? वर्दी आली की त्याने मानायची.”

“अगदी आमच्या सासूबाई,” सोनूबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या.

नंदू सगळ्यांबरोबर हसला खरा, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गुणाजींच्या शेजारी त्यांची लेक सुलक्षणा उभी होती. येत्या रविवारी पार्ल्याची मंडळी तिला बघायला यायची होती. मुलगा बँकेत. स्थळ हातचं घालवायचं नाही, असं गुणाजी चाळभर सांगत सुटले होते. नंदू आणि सुलक्षणा एकाच नळावर भांडत लहानाचे मोठे झालेले. वर्गात साठ पोरांसमोर घडाघडा बोलणारा नंदू हल्ली ती दिसली की गप्प व्हायचा. तिच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा हिय्या होत नव्हता. रविवार गेला की सगळंच संपलं. या विचाराने त्याला रात्री झोप लागत नव्हती.

दुसऱ्या खेपेला बोटच गायब. गुणाजी हात सोडून चंची शोधायला लागले होते.

“भाऊ, बोटाने जागा सोडायची नसते हो!”

“तंबाखू मळूक बोटच लागता रे!” गुणाजी म्हणाले. पुन्हा हशा.

तिसऱ्या खेपेला सुलक्षणाच्या पलीकडचा रतन नाहीसा झाला. तिनेच त्याला “नळाला पाणी आलंय, पळ” म्हणून पिटाळलं होतं. चाळीत दुपारी पाण्याचा थेंब येत नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं. नंदूच्या मात्र ते डोक्यातही आलं नाही.

“ए नंदू, इथे एक पेशी कमी पडतेय,” ती म्हणाली. “लेक्चर झोडतोस ते इथे उभं राहून झोड ना!”

नंदू जाऊन उभा राहिला. एक हात दशरथच्या हातात दिला. दुसरा सुलक्षणाने घेतला. तिचा हात धरायचा, तोही भरदुपारी, सत्यनारायणासमोर आणि खुद्द तिच्या बापाच्या साक्षीने!

“सगळ्यांनी डोळे मिटा,” तो कसाबसा म्हणाला. “नाहीतर डोळेच चोंबडेपणा करतात. हं भाऊ, लावा बोट!”

सगळ्यांनी डोळे मिटले. आणि सुलक्षणाने त्याचा हात दाबला. एकदा. मग पुन्हा एकदा.

नंदूचं काळीज उड्या मारायला लागलं. पण जित्याची खोड ती! मास्तर जागा झाला.

“एकदाच दाबायचं गं,” तो कुजबुजला.

“माहितीय मला,” ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा दाबला.

आता वर्दी अडवून ठेवणं शास्त्राला धरून नव्हतं. नंदूने दशरथचा हात दाबला. दशरथने ओठ चावून हसू गिळलं, पण हात सोडला नाही. निरोप सरसर सुटला. मध्येच विमला फिस्सकन हसली, तरी तो पुढेच पळत राहिला आणि सोनूबाईंच्या हातात पोचला.

“गार!” सोनूबाई अशा किंचाळल्या की पिंपळावरचे कावळे उडाले.

टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला. कुणीतरी प्रसादाची परात बडवली. नंदूने डोळे उघडले आणि जागच्या जागी उडी मारली. जमलं! बोटापासून मेंदूपर्यंत, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे! तो आनंदाने सुलक्षणाकडे वळला. ती लालबुंद होऊन हसत होती. खेळ संपला तरी तिने हात सोडला नव्हता.

तेवढ्यात त्या गोंगाटावर गुणाजींचा आवाज चढला:

“अरे, गार कसला? बरफ अजून बादलीत आसा, आणि माझे दोनय हात तंबाखूत!”