वाणाचं विरजण

संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊन शेजारची शालन दवाखान्यात आली. कुमुदताई काचेच्या बंद खोलीत होत्या, म्हणून तिने कुंकवाचं बोट काचेवरच टेकवलं.

कॉलनीत प्लास्टिक खाणारं विरजण कुमुदताईंनीच आणलं होतं. वाण म्हणून डबे लुटण्याऐवजी त्यांनी घरोघरी वाटीभर तेच दिलं. दुधाच्या पिशव्या मडक्यात टाकल्या की सकाळपर्यंत विरघळून जायच्या. गाव लख्ख झालं. मग विरजण धुळीत मिसळलं, श्वासात गेलं. आणि यंदा कुमुदताईंच्या छातीत पेसमेकर बसला. त्याच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण होतं. विरजणाने ते खाऊ नये म्हणून ही गाळलेल्या हवेची खोली.

"उद्या भावाकडे भंडाऱ्याला जातेय गं," कुमुदताई आतून म्हणाल्या. "तिकडे अजून विरजण पोचलेलं नाही. अंगणात खाट टाकून बसेन."

शालनचा हात काचेवरून खाली आला.

"ताई, माझी नणंद तिथेच असते. दिवाळीत तिला वाटीभर दिलं मी. तुम्हीच सांगितलं होतंत, मागेल त्याला नाही म्हणायचं नाही."

बाहेरून लावलेल्या त्या कुंकवावर कुमुदताईंनी आतून कपाळ टेकवलं.