होडीवरचा हात

बन्सीच्या सदऱ्यातून लाल पाणी निघालं आणि कडूबाईचा हात बादलीतच थबकला. एरवी निळं निघायचं. दिरानं, म्हणजे बन्सीनं, जुनी निळी फायबरची होडी घरी आणल्यापासून तो सुट्टी मिळाली की अंगणात ती घासत बसायचा आणि कपड्यांना निळी भुकटी लागायची. पण लाल? लाल होडी साऱ्या काठावर एकाचीच होती. कडूबाईच्या नवऱ्याची, वैजनाथची. आणि ती तर सहा वर्षांपूर्वी वैजनाथला घेऊन मुळा धरणात बुडाली होती.

निदान सगळे तसं म्हणत होते. वादळ झालं, जाळं सापडलं, एक चप्पल सापडली. माणूस नाही, होडी नाही. गाळात रुतली असेल, म्हणाले. कडूबाईनं बांगड्या उतरवल्या. तेव्हापासून दर सर्वपित्रीला घरात खीर-वडे होत, बन्सी भावाचं पान भिंतीवर ठेवी, आणि एकदाही कावळा शिवला नाही. सासू भीमाबाई हात जोडून विनवायची, "तुझ्या बायकूला अंतर देनार न्हाई रं, ये." कावळा मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. गाव म्हणे, वैजनाथचा जीव कशात तरी अडकलाय. कडूबाई बोलत नसे, पण तिच्या मनात पाल चुकचुकायची. असा जीव अडकतो तो मारलेल्या माणसाचाच.

होडी आली आणि त्या पालीला तोंड फुटलं. बन्सी नागापूरच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवायचा, त्यामुळे होडीची डागडुजी म्हणजे त्याच्या हातचा मळ. उजनीकडून आणली म्हणाला. आणली तीही दिवेलागण झाल्यावर, आणि आली तशी ताडपत्रीखाली गेली. "वैनी, तिकडं जाऊ नगा, काचंची कुसळं घुसत्यात हातात," असं वर बजावलं. कडूबाईनं लांबून पाहून घेतलं होतं. तडा होता होडीच्या बुडाला आणि हा शहाणा घासत होता तोंडाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि आज सर्वपित्री, तर सकाळीच म्हणाला, "औंदा पान आईच ठिवंल. मला न्हाई जमायचं." भावाचं पान ठेवायला ज्याचा हात धजत नाही, त्या हातानं काय केलं असेल? चोराच्या मनात चांदणं.

बन्सी केळीची पानं आणायला गेला होता. कडूबाईनं सदरा बादलीत टाकला आणि जाऊन ताडपत्री वर केली.

होडीच्या तोंडावरचा निळा रंग अर्धामुर्धा खरवडलेला होता. खालून लाल डोकावत होता. तोच लाल. आणि मधोमध होता हळदीकुंकवाचा पंजा. बाकी काही नीट बघायचं तिला भानच उरलं नाही.

नवी होडी पाण्यात घालताना घरच्या बाईनं तिच्या तोंडावर हळदीकुंकवाचा पंजा उमटवायचा, ही त्यांच्यातली रीत. लाकडी होडीवरचा पंजा पहिल्या पाण्यातच जायचा. वैजनाथच्या फायबरच्या होडीवर मात्र बन्सीनं कडूबाईच्या पंज्यावरून काचेसारख्या रेझिनचा थर दिला होता. "आता होडी हाय तवर ह्यो हात हाय," असं तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाला होता. आणि आता तोच हात घासून काढत होता.

बन्सी पानं घेऊन आला तेव्हा ती विळा उगारून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दिराला अरे-तुरे केलं.

"कुठं बुडवलास त्याला?"

बन्सीच्या हातातली पानं खाली पडली. त्यानं विळ्याकडं पाहिलं, उघड्या होडीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "वैनी, त्या हातावर तुमचा हात ठिवून बघा."

तिनं रागारागानंच ठेवला. तळवा बसला. बोटं बसली. करंगळी बसेना. कडूबाईची करंगळी लहानपणी कडबाकुट्टीत अर्धी गेलेली. होडीवरची करंगळी अख्खी होती. आणि हा पंजा लाल रंगावर नव्हताच, निळ्यावर होता, वरून तसाच रेझिनचा थर. बन्सीनं ओल्या फडक्यानं बाजूच्या लाल भागावरची भुकटी पुसली. तिथं दुसरा पंजा होता, अर्ध्या करंगळीचा. त्याच्यावरून कुणीतरी सावकाश, नीटनेटका निळा रंग दिला होता.

"फायबरची होडी अशी तळाला जात न्हाई, वैनी. उलटली तरी तरंगती. तवापासनं मी हुडकत हुतो." बन्सीला तिच्याकडं बघवेना. "दादा उजनीच्या काठाला हाय. संसार हाय त्याचा तिथं. तिचा हात पुसावा, तुमचा ऱ्हावा, अन मग होडी तुमच्या हवाली करावी म्हनलं."

कडूबाईनं विळा भिंतीला टेकवला. ज्याच्यासाठी आसवं गाळली त्याचा तिला संताप आला, आणि ज्याच्यावर विळा उगारला त्याच्यापुढं मान वर करवेना.

तेवढ्यात भीमाबाई ताट घेऊन बाहेर आली. पडलेल्यातलं एक पान उचलून तिनं ते भिंतीवर मांडलं, त्यावर खीर-वडे वाढले. कावळा आला, मान वाकडी करून बसला. "ये रं लेकरा, काय ऱ्हायलंय तुझं?" म्हणत म्हातारी रडू लागली.

कडूबाई पुढं झाली. तिनं पान उचललं, होडीच्या काठावर जाऊन बसली आणि वडा मोडून खाऊ लागली.

"अगं, काय करतीस! त्याचं पान हाय त्ये!"

"जित्त्या मानसाच्या पानाला कावळा कसा शिवंल, आत्याबाई?" कडूबाई म्हणाली. "त्यो बिचारा दरसाल ह्येच तर सांगून जात हुता."