दुसरी मूठ

पहाटे जंगलवाटेवर किंदळाचं झाड आडवं पडलं आणि तंबू गुंडाळून निघालेल्या गौरवीची गाडी अडली. दहाला पणजीत कामावर पोचायचं होतं. गावातल्या लाकडाच्या वखारी केव्हाच उठल्या, पण म्हाताऱ्या शिवदासबाबांच्या करवतीचं नाव अजून डिचोलीभर होतं. दोन मुठींची करवत घेऊन ते आले. पलीकडची मूठ धरून गौरवीने जोर लावला आणि पातं वाकून अडकलं. “ढकलू नको गे, नुसती ओढ,” मागून आवाज आला. शिवदासबाबांची बायको कमलाक्षी चहाची किटली घेऊन उभी होती. गौरवीने मुठीकडे पाहिलं. झिजून पडलेल्या खाचांत तिची बारीक बोटं नेमकी बसली होती. शिवदासबाबांचा पंजा मावलाच नसता. “काकी, ही मूठ तुमची?” कमलाक्षीने किटली ठेवून पदर खोचला. “चाळीस वर्सां नाव ह्यांचा झाला. बाजूक सर गे बाय, आज बघूक कोणतरी आसा.”