होडीतला आडोसा

दुकानदार उंच, ऐटबाज, उचलून नेता येणारा प्लास्टिकचा संडास दाखवत होता, पण दाजी खवणेकरांनी बुटका, बादलीएवढा निवडला. शिडाची होडी कलली की उंच वस्तू आधी लवंडते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी लेक आईला दवाखान्यात घेऊन गेली, तेवढ्या वेळात त्यांनी तो होडीच्या फासळ्यांना दोरीने असा आवळला, की हलवून हलेना. भोवती जुन्या शिडाचा पडदा लावला.

त्यांची बायको शेवंती उभा जन्म त्यांच्यासोबत मासेमारीला आली होती. "आमच्या हिला समुद्रावर तहान म्हणून लागत नाही," असं ते बंदरावर कौतुकाने सांगायचे. तिची मूत्रपिंडं बिघडली, डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली. होडीत आडोसा नाही, म्हणून ती पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. दाजी शेजारीच बसून ऐकत होते.

आज त्यांनी तिला हात धरून होडीत चढवलं. किनारा मागे पडल्यावर पडदा सारून दाखवला आणि भरलेला तांब्या पुढे केला. "पी गो, पोटभर पी."

शेवंतीने दोरीची गाठ चाचपून पाहिली.

"बरो बांधलात," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "काल डॉक्टरांनी माझां पाणी तोडल्यानी. लघवीच बंद झाली हा माझी."

तिने दाजींच्या हातातला तांब्या अलगद काढून घेतला आणि त्यांच्याच ओठांना लावला.