चारही चाकं सारखी

हवा सोडता सोडता चौथ्या चाकाला लावलेल्या मापकाचा काटाही बावीस पौंडांवर आला, तशी नागोजीने व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवली. बत्तीसचे बावीस, चारही चाकांत सारखे.

तिरुवल्लिकेणीच्या त्या बोळात कंपनीची गाडी कालपासून त्याच्या दारात उभी होती. आज तिच्यातून परदेशी पाहुण्यांना श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात न्यायचं होतं. वाटेत कंपनीचे इंजिनियर प्राणेशसाहेब आपली करामत सांगणार होते: टायरमधली हवा उतरली की समोर लागणारा पिवळा दिवा.

दोन वर्षांपूर्वी अशाच गाडीचा टायर फुटला आणि नागोजीचा धाकटा भाऊ राणोजी पायाने अधू झाला. दिवा लागलाच नव्हता, असं तो शपथेवर सांगत राहिला. साहेबांनी अहवालात लिहिलं, दिवा लागला होता, ड्रायव्हरने दुर्लक्ष केलं. नोकरी गेली, वर निष्काळजीपणाचा शिक्का. नागोजीने ते गिळलं, पण पचवलं नाही.

साहेबांची गाडी चालवता चालवता मागच्या सीटवरच्या गप्पांतून त्याने मर्म उचललं. चाकात हवा मोजणारं काही नव्हतंच. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, जास्त फिरतं. यंत्र चारही चाकांचे फेरे पडताळून वेगळं फिरणारं पकडतं. चारही सारखी उतरली, तर यंत्र आंधळं. राणोजीच्या गाडीचं तेच झालं होतं, आणि साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

आज भर रस्त्यात, दिवा लागलेला नसताना, पाहुण्यांदेखत चारही चाकांना मापक लावायचा आणि साहेबांचं तोंड काळं करायचं.

"अण्णा, कॉफी निवते," राणोजीने आतून हाक मारली. भावाला त्याने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. तो बिचारा नको म्हणाला असता.

नागोजी न्हाऊन, कॉफी पिऊन बाहेर आला तेव्हा राणोजी पायरीवर टेकला होता, घामाने निथळत.

"सकाळी सातलाच काय हा उकाडा!" नागोजी म्हणाला. राणोजीने हसून घाम पुसला.

पूनमल्ली गाव मागे पडलं आणि पिवळा दिवा लागला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि ते त्याच्या कानाशी वाकले. "पटलं आता? तुझ्या भावालाही हा असाच दिसला होता."

खिशातला मोबाइल वाजला. घरून राणोजी होता.

"अण्णा, सांगायचं राहिलंच. डावीकडचं पुढचं चाक बसलेलं दिसलं, तू न्हात होतास तेवढ्यात पायाच्या पंपाने भरून टाकलं. उरलेली तीन पेट्रोल बंकवर भरून घे, माझा पाय टिकला नाही."