थरथरता देठ

मामंजींसमोर तोंड उघडायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. बमरोलीच्या मिलमध्ये जन्मभर साड्यांची डिझाइनं काढून मामंजी सत्त्याण्णव साली घरी बसले आणि मला शिकवू लागले. रोज मी वीस वेली काढून वही पुढे ठेवायची. ते न बोलता लाल पेन्सिलीनं देठ सुधारायचे, मी तो निमूट गिरवायची. सोमवारी मिलमध्ये दाखवायची म्हणून त्यांनी वही पहिल्यापासून चाळली. “बेटा, आधी तुझी रेघ स्वच्छ होती. आता प्रत्येक देठ थरथरतोय. कशानं?” “तुम्ही काढून दिलात, तसाच काढला,” मी पुटपुटले. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं; पेन्सिल थरथरत होती. “मग विचारलं का नाहीस?” मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. पेन्सिल मला देत, आत ऐकू जाईल असं ते म्हणाले, “आता मी तोंडानं सांगणार. तू विचारायचंस.” “मामंजी, देठ कुठून वळवू?”