चवसाहेब

“कॉफी सोडलीत, फार बरं केलंत,” हृदयाचा आलेख टेबलावर पसरत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“सोडली? कुणी सांगितलं? दिवसाला चार कप. काळी. एकही चुकवलेला नाही.”

कॉफीच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं चव बघत होते. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा आणि मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय माल फाटकाबाहेर पडत नसे. सगळे त्यांना चवसाहेब म्हणत. पोटात कॉफी जायची ती मात्र घरचीच, बायकोच्या हातची.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक आलेख शेजारी ठेवला. “हा दीड महिन्यापूर्वीचा. ठोके बघा, अडखळत पळतायत. आणि हा आजचा. कॉफी सगळ्यांनाच बाधते असं नाही, पण तुम्हाला बाधते. कॅफीन रक्तात गेलं की शरीर उगाचच सावध होतं, वाघ मागे लागल्यासारखं. निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. चार कप पिऊन असा आलेख यायचा नाही.” मग त्यांनी विचारलं, “मध्यंतरी डोकं दुखलं होतं?”

“चार दिवस. कपाळ फुटायची वेळ आली होती. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काय!”

“झोप?”

झोप लागत होती. महिनाभर मेल्यासारखी लागत होती.

“सवय सुटताना अस्संच होतं,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. चवसाहेबांनीही पाहिलं. बायको पर्सची चेन उघडझाप करत होती.

घरी पोचून दार लागलं आणि चवसाहेबांचा आवाज चढला.

“काढ. काय पाजत होतीस ते काढ बाहेर!”

तिने पिठाच्या डब्यामागून पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. कॅफीन काढलेली कॉफी.

“मला? माझ्याच घरात? अख्खा कारखाना माझ्या जिभेवर चालतो, आणि तू मला हे भुशाचं पाणी पाजतेस?”

“डॉक्टरांनी तीनदा बजावलं. ऐकलंत? रात्र रात्र छातीवर हात धरून बसायचात, ते मी नुसतं बघत राहायचं?”

“मग सांगायचंस!”

“सांगितलं की. तर कप भिंतीवर फेकलात.”

“म्हणून फसवायचं? नवऱ्याला?”

आता तिचाही आवाज चढला. “पहिल्या दिवशी कप दिला आणि दाराशीच उभी राहिले. वाटलं, पहिल्याच घोटाला थुंकाल, घर डोक्यावर घ्याल. आणि तुम्ही काय म्हणालात? आज जमलीय म्हणालात!”

चवसाहेबांनी ते पाकीट तिच्यापुढे सरकवलं. मग ते एकदम म्हणाले, “तीन कप कर. दोन एकीचे, एक दुसरीचा. दूध-साखर काही नको. वेगळा कोणता ते मी सांगतो.”

कारखान्यात नव्या माणसांची ते हीच परीक्षा घेत. चुकेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवत.

ते पाठ करून उभे राहिले. तिने कप मांडल्यावर वळले. पहिल्या कपातून सुर्रकन घोट ओढला, जिभेवर घोळवला, बेसिनमध्ये थुंकला. मग दुसरा, मग तिसरा. मग पुन्हा पहिल्यापासून. कपाळाची शीर ताठ झाली होती.

“मधला.”

“बरोबर,” ती म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

त्यांनी एकेक कप उचलून बुडाशी पाहिलं. वेगळ्या कपाची खूण म्हणून तिने केलेली पेन्सिलीची फुली डावीकडच्या कपाला होती.

“पुन्हा खोटं!” त्यांनी ओट्यावर हात आपटला, तशी कॉफी हिंदकळली. “कीव करतेस माझी? चाख. तूच चाख! बघू तुला किती अक्कल आहे.”

त्यांनी तिला तोंड फिरवायला लावलं आणि कपांची जागा बदलली. तिने वळून तिन्हीतला चमचा-चमचा घेतला आणि शेवटच्यावर बोट ठेवलं.

“ही. नुसतीच कडू. घोट गेला की मागे काही राहत नाही.”

फुली त्याच कपाला होती.

“तुला कसं कळलं?”

“रोज तुम्हाला देण्याआधी चाखते. लग्न झाल्यापासून.” ती चमचा पुसत राहिली. “आणि वर्षभर तुम्ही प्रत्येक घासाला वरून मीठ घेताय. मला काय डोळे नाहीत?”

“गप्प बस!”

वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चवसाहेब धापा टाकत उभे होते. गेल्या थंडीत ताप येऊन गेला, तेव्हापासून वास अर्धा आणि चव त्याहून कमी झाली होती. पावडरीचा रंग बघून, बिया भाजणाऱ्या भट्टीवाल्याचा चेहरा वाचून ते मान हलवत होते. कुणालाच कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी फोन उचलला आणि गोदामातला नंबर लावला.

“मी सकाळी पास केलेला माल गाडीत चढवू नकोस.”

“का साहेब? खराब आहे?”

“मला कळत नाही.”

“म्हणजे?”

“कळत नाही म्हणजे कळत नाही! चव कळत नाही मला! मराठी समजतं ना तुला?”

पलीकडे मागे कोणीतरी हसत होतं, ते थांबलं. गोदामवाला घुटमळला. मग सांभाळून म्हणाला, “साहेब, इथे गाड्यांचा आवाज आहे. मला नीट ऐकू आलं नाही.”

चवसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी हळू.